सुप्त कासदाहासाठी चार-कप मीटर: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

गोठा राहाता तालुक्यातला, मुक्त संचार पद्धतीचा. १६ दुभत्या गाई, सगळ्या होल्स्टीन संकरित. पहाटे ५ आणि संध्याकाळी ५ अशा दोन धारा, दोन बकेट मशीन. खाली जिथे नुसता आकडा आहे तिथे तो दुधाच्या विद्युतवाहकतेचा, मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये, २५ अंशांवर आणलेला. सडांची नावं आखूड केली आहेत: पुडा, पुउ, माडा, माउ. म्हणजे पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. डावं-उजवं गायीचं, धार काढणाऱ्याचं नव्हे.

३ जून

काय मोजायचं हे आधी ठरवलं. दगडी झालेली कास हाताला कळते, दुधात गाठी आल्या की डोळ्यांना दिसतात. त्यासाठी यंत्र नको. अडचण त्याच्या आधीची आहे. दूध दिसायला स्वच्छ, कास मऊ, गाय खाते-पिते, पण एका सडात पेशी वाढलेल्या आणि दूध हळूहळू कमी होत चाललेलं. हाच सुप्त कासदाह. मिलीलीटरमागे २ लाख सोमॅटिक पेशी ही त्याची सर्वसाधारण मानलेली रेघ.

गळ्यातला रवंथ-पट्टा हा दुसरा पर्याय होता. तो बाजूला ठेवला. रवंथ कमी झाली की गाय आजारी आहे एवढं कळतं, कुठला सड ते कळत नाही, आणि सुप्त कासदाहात रवंथ बहुतेक वेळा बिघडतच नाही. किटोसिस, पोटाचे विकार, व्यायल्यानंतरचे पंधरा दिवस यांसाठी पट्टा चांगला, पण ते वेगळं काम आहे.

वाहकता निवडली, कारण ती मोजायला स्वस्त आणि तिच्यामागचं कारण सरळ आहे. सूज आली की रक्त आणि दूध यांच्यामधला पेशींचा पडदा सैल होतो. रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड दुधात उतरतं, पोटॅशियम आणि लॅक्टोज घटतं. मीठ वाढलं की वीज सोपी वाहते. जुनी माणसं संशयी सडाचं दूध जिभेवर टेकवून खारट लागतं का पाहायची, मीटरही तेच पाहतो. (जिभेचा प्रयोग आता करू नये, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो.) निरोगी गायीचा आकडा साधारण ४ ते ५.५ मध्ये बसतो.

सेन्सर मशीनच्या नळीत बसवायचा की हातातल्या कपात? चारही सडांचं दूध क्लॉमध्ये, म्हणजे चार नळ्या जिथे मिळतात त्या भागात, एकत्र होतं. एका सडाचा आकडा २० टक्के चढला तरी मिसळलेल्या दुधात तो ५ टक्केच दिसणार. शिवाय क्लॉला हवेचं बारीक छिद्र असतं, त्यामुळे नळीतून दूध आणि हवा तुकड्यातुकड्यांनी जाते. प्रत्येक सडाच्या आखूड नळीत सेन्सर बसवणं रोबोटिक मशीनवाल्यांना जमतं, बकेट मशीनवर नाही. म्हणून सीएमटीच्या (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट: दुधात रसायन मिसळायचं, घट्ट झालं तर पेशी वाढलेल्या) पॅडलसारखे चार कप, एक मूठ आणि प्रत्येक कपाच्या तळाशी सेन्सर असं ठरलं.

८ जून

सामान आलं:

ईएसपी३२ बोर्ड १; एमसीपी३२०८ एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) २; ४७० ओहम मेटल फिल्म रेझिस्टर (१ टक्का) ४; १० किलोओहम एनटीसी थर्मिस्टर (तापमान मोजायला, ३ मिमी स्टीलच्या नळीतले) ४; एसएस ३१६ चे एम४ बोल्ट (इलेक्ट्रोड म्हणून) ८; १८६५० लिथियम सेल १; टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल; छोटा ओएलईडी पडदा; ४×४ कीपॅड.

कप थ्रीडी प्रिंटरवर पीएलएमध्ये काढले. प्रत्येकी १८ मिली, आत १५ मिलीवर खूण. इलेक्ट्रोड तळाला आडवे समोरासमोर, मध्ये १ सेंमीच्या आसपास अंतर. बोल्ट ३१६ चाच घ्यावा. ३०४ क्लोराइडला लवकर खड्डे पाडून घेतो, आणि इथे रोजचं दूध आणि रोजचं धुणं आहे.

१२ जून

थेट डीसी लावून पाहिलं, मुद्दाम. दुधात आकडा दहा सेकंद सलग घसरत राहिला आणि इलेक्ट्रोडवर बारीक बुडबुडे धरले. अपेक्षितच होतं. धातूच्या पृष्ठभागावर आयनांचा थर साचतो आणि आपण दुधाऐवजी तो थर मोजायला लागतो. दिशा सतत उलटवावी लागते.

मांडणी: ईएसपी३२ च्या दोन पिना, एक उंच तेव्हा दुसरी खाली, मग उलट. पहिली पिन, ४७० ओहम, कप, दुसरी पिन. दोन्ही पिना एकाच रजिस्टर-लेखनात उलटवायच्या. वेगवेगळ्या ओळीत लिहिलं तर मध्ये काही मायक्रोसेकंद दोन्ही सारख्या राहतात. मोजून झालं की दोन्ही खाली. एखादी उंच राहून गेली तर रात्रभर कपात उरलेल्या थेंबात विद्युतविघटन चालू राहतं.

पिनेचा स्वतःचा अंतर्गत रोध काही दहा ओहमचा असतो. दुधाचा रोधच २०० ओहमच्या आसपास असल्यावर हे दुर्लक्षून चालत नाही. म्हणून तीन ठिकाणी व्होल्टेज घेतलं: पहिली पिन, मधला सांधा, दुसरी पिन. कपावरचं व्होल्टेज भागिले रेझिस्टरवरचं व्होल्टेज, गुणिले ४७०. पिनेचा रोध आणि सेलचं घसरतं व्होल्टेज दोन्ही या भागाकारातून निघून जातात.

१५ जून

सुरुवातीला एडीएस१११५ लावला होता, १६ बिटचा म्हणून. काढला. त्याचा कमाल वेग सेकंदाला ८६० नमुने, आणि दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. बिट जास्त असून उपयोग नाही, नेमक्या क्षणी नमुना पकडता आला पाहिजे. ईएसपी३२ चा आतला एडीसी दोन्ही टोकांना वाकडा आहे, आणि त्याचा दुसरा गट वायफाय चालू असताना वापरता येत नाही. एमसीपी३२०८ १२ बिटचाच, पण जलद. सहा वाहिन्या व्होल्टेजला, चार थर्मिस्टरला, म्हणून दोन चिप, वेगळ्या चिप-सिलेक्टवर.

वारंवारता ५ किलोहर्ट्झ. अर्धं आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचं. नमुना त्याच्या बरोबर मध्यावर, ५० व्या मायक्रोसेकंदाला. कारण असं की प्रत्येक अर्ध्या आवर्तनात इलेक्ट्रोडवरचा थर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भरत जातो. लाट दोन्ही बाजूंना सारखी असेल तर मध्याला त्याचं योगदान शून्यातून जातं. शेवटाला नमुना घेतला तर रोध जास्त दिसतो. प्रत्येक कपाचे २०० नमुने, मधला घ्यायचा. सरासरी नको, कारण एक बुडबुडा सरासरी ओढून नेतो.

इलेक्ट्रोडच्या टोकांवर ८०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. खरखरीत पृष्ठभाग म्हणजे जास्त क्षेत्रफळ, म्हणजे थराचा परिणाम कमी. चकचकीत बोल्ट दिसायला छान, मोजायला वाईट.

१८ जून

प्रमाणीकरण. पोटॅशियम क्लोराइड, प्रयोगशाळा दर्जाचं, ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास सुकवून. ओलसर मीठ तोललं तर द्रावण पातळ होतं आणि पुढचे सगळे आकडे त्याच अंगाला चुकतात. ३.७३ ग्रॅम मीठ डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण १ लीटर केलं: ०.०५ मोलर, २५ अंशांवर ६.६७. दुधाच्या पट्ट्यात बसणारं हे एकच द्रावण रोज वापरायचं. तपासायला ०.०१ मोलरचं दुसरं, ०.७५ ग्रॅम लीटरला, १.४१. सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा पहिल्याला पुरतो. दुसऱ्याला त्याची चूक एक टक्क्यापर्यंत जाते, म्हणून ते थेट न तोलता पहिल्यातून पाचपट पातळ करून घेतलं.

६.६७ च्या द्रावणात चार कपांचे रोध: १६५, १७१, १६२, १६८ ओहम. सेल स्थिरांक म्हणजे वाहकता गुणिले रोध. पहिल्या कपाला ०.००६६७ × १६५ = १.१०. चारही कपांचे स्थिरांक वेगळे आले, आणि ते वेगळेच साठवायचे. पुढे सगळी भिस्त सडासडांमधल्या फरकावर राहणार आहे. कपाकपांमधला फरक त्यात शिरला तर मीटर गायीऐवजी स्वतःलाच मोजेल.

२१ जून

तापमान. दुधाची वाहकता अंशाला सुमारे २ टक्के वाढते. २५ अंशांवर आणण्यासाठी मोजलेला आकडा भागिले (१ + ०.०२ × (तापमान − २५)). ३५ अंशांचं दूध ६.१ दाखवत असेल तर खरा आकडा ५.०८. पण थर्मिस्टर मागे राहून ३३ दाखवत असेल तर ५.२६ येतो. दोन अंशांच्या आळसाला साडेतीन टक्के चूक.

याच कारणाने डीएस१८बी२० घेतला नाही. स्टीलच्या जाड टोपीतला तो सेन्सर स्थिरावायला पंधरा-वीस सेकंद घेतो. तेवढ्यात कपातलं दूधच थंड व्हायला लागतं. ३ मिमी नळीतला थर्मिस्टर पाच सेकंदांत बसतो. तापमानाची लागोपाठ दोन मापं ०.२ अंशांच्या आत आली की मगच वाहकता घ्यायची, असं प्रोग्रॅममध्ये घातलं.

२६ जून

गोठ्यात पहिली धार. सोळापैकी सहा गाई झाल्या आणि बोर्ड स्वतःहून बंद-चालू व्हायला लागला. कारण: बोर्डवरच्या एएमएस१११७ ला ३.३ व्होल्ट द्यायला आत सुमारे १.१ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ४.४. लिथियम सेल भरलेला असतानाच ४.२. वायफायने झटक्यात प्रवाह ओढला की व्होल्टेज बसतं. एएमएस१११७ ला वळसा घालून कमी ड्रॉपआउटचा ५०० मिलीअँपिअरचा रेग्युलेटर आणि पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वायफाय धारेच्या वेळी बंदच; नोंदी बोर्डवर साठवायच्या आणि धार संपल्यावर पाठवायच्या.

दुसरी गोष्ट फेसाची. धार सरळ तळावर मारली की इलेक्ट्रोडमध्ये फेस अडकतो आणि आकडा कमी दिसतो. हवा वीज वाहत नाही. धार कपाच्या भिंतीला घासून सोडायची, खुणेपर्यंत भरायची, पाच सेकंद थांबायचं.

तिसरी, ओल्या कासेची. सडावरून ओघळलेलं पाणी कपात पडलं तर आकडा खाली. कास धुवायची असेल तर धुवा, पण सड कोरडा पुसल्याशिवाय कप पुढे करायचा नाही. गायीगणिक वेगळं फडकं.

२७ जून

पीएलए कप गेले. ६५ अंशांच्या पाण्यात धुतल्यावर कड वाकली, बोल्टभोवती फट पडली. पीएलए ६० च्या आसपासच मऊ पडतं हे माहीत असून प्रिंट केलं होतं, घाईत. शिवाय थरांच्या रेघांत दूध अडकून वास धरतं. नवे कप पॉलिप्रोपिलीनच्या जाड सळईतून लेथवर काढायला दिले. कपांमधली कड ६ मिमीने उंच केली. ओसंडलेल्या दुधाची ओली रेघ दोन कपांना जोडते आणि दोन्हींचे आकडे एकमेकांकडे सरकतात.

४ जुलै

नवे कप, नवे स्थिरांक. घेण्याची पद्धत पक्की:

पहिल्या दोन धारा काळ्या जाळीच्या कपात, गाठी पाहायला. जमिनीवर नाही. पुढच्या धारांनी चारही कप खुणेपर्यंत. मूठ गायीच्या शेपटीकडे. मग बटण. दूध टाकून द्यायचं, कप साध्या पाण्यात बुचकळून झटकायचा. मग मशीन लावायचं.

नेहमी धारेच्या सुरुवातीचंच दूध. शेवटच्या दुधात फॅट जास्त, आणि चरबीचे गोळे वीज वाहत नाहीत, म्हणून तेच दूध शेवटी कमी आकडा दाखवतं. एक दिवस सुरुवातीचं आणि दुसऱ्या दिवशी शेवटचं घेतलं तर आजार नसलेला चढउतार कागदावर उमटतो. गायीमागे ४० सेकंद, सोळा गाईंना अकरा मिनिटं. फक्त पहाटेच्या धारेला.

८ जुलै

गाय ओळखायची कशी, यात तीन दिवस गेले. इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जास्त.

कानातला पिवळा बिल्ला १२ अंकी, आणि पहाटे पाचला शेणाने माखलेला. आरएफआयडी वाचक जोडला तर काहीच वाचेना: बाजारात स्वस्तात मिळतो तो १२५ किलोहर्ट्झचा, जनावरांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणातले टॅग १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात. योग्य वाचक महाग. शेवटी गळ्यातल्या पट्ट्यावर १ ते १६ रंगवलं आणि कीपॅडवर दाबायचं ठरलं.

दाबताना चूक होणार हे धरूनच एक पहारा घातला. चारही सड एकदम गायीच्या नेहमीच्या आकड्यापासून १० टक्क्यांहून जास्त हलले तर पडद्यावर येतं: "गाय तीच का?" आजार सहसा एका सडापासून सुरू होतो, चारही एकदम हलले तर आधी बोटावर संशय घ्यावा. पहिल्याच आठवड्यात तीन चुका धरल्या.

१६ जुलै

सरसकट रेघ मारून पाहिली: ५.८ च्या वर म्हणजे इशारा. जे व्हायचं तेच झालं. गाय ४, व्यायला पाच दिवस झालेली, चारही सड ६ च्या वर: चिकाचे दिवस. गाय ११, व्यायल्यापासून आठवा महिना, दूध उतरत चाललेलं, चारही ५.८ ते ६: आटत आलेल्या गायीत हे नेहमीचंच. गाय ७ चा नेहमीचा आकडा ४.५. तिचा माडा ५.३ ला पोचला तरी मीटर गप्प, आणि त्या सडाची सीएमटी मात्र स्पष्ट घट्ट. दोन खोट्या हाका आणि एक हुकलेली गाय, एकाच सकाळी.

गाईगाईंमधला फरक आजाराच्या फरकाएवढाच मोठा आहे. त्यामुळे तुलना एकाच गायीच्या चार सडांत, आणि तिच्या कालच्या आकड्याशी.

१९ जुलै

नियम दोन.

पहिला: सडाचा आकडा भागिले त्याच गायीतला सर्वांत कमी सड. १.१५ किंवा वर असेल तर खूण. गाय ७: ४.५, ४.६, ५.३, ४.५. ५.३ ÷ ४.५ = १.१८. सरासरीने नाही भागायचं. दोन सड बिघडले की सरासरीच वर जाते आणि दोघं एकमेकांना झाकतात.

दुसरा: सडाचा आजचा आकडा भागिले त्याच सडाच्या मागच्या दहा पहाटांचा मधला आकडा. १.१० किंवा वर असेल तर खूण. चारही सड हळूहळू एकत्र चढले तर पहिला नियम आंधळा होतो, तिथे हा लागतो.

एका पहाटेची खूण म्हणजे पिवळी. खूण आलेली गाय तेवढी संध्याकाळीही मोजायची, पुन्हा आली तर लाल. व्यायल्यापासून सात दिवस फक्त पहिला नियम. खूण आलेल्या दिवसाचा आकडा मागच्या दहात धरायचा नाही, नाहीतर आजार हाच नेहमीचा आकडा होऊन बसतो.

२ ऑगस्ट

सर्व गाईंची सीएमटी. प्रत्येक कपात २ मिली दूध, तेवढंच रसायन, दहा सेकंद गोल फिरवायचं, लगेच वाचायचं. उशीर केला की फिकट प्रतिक्रिया मोडते. रसायन म्हणजे मुळात डिटर्जंट आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल. डिटर्जंट पेशी फोडतो, त्यातल्या डीएनएने दूध चिकट होतं. ही तपासणी शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये दिली; गोठ्यावर अजून हिला जोड नाही.

६४ सडांपैकी एक आधीच बंद, राहिले ६३. सीएमटीत १+ किंवा वर: ८. मीटरची खूण: ९. दोन्हीत सामाईक: ६. म्हणजे मीटरने २ हुकवले, ३ वेळा उगाच हाक मारली. आठातले सहा यावरून टक्केवारी काढून मिरवू नये. आठ सड म्हणजे काहीच नाहीत.

हुकलेले दोन मात्र पाहण्यासारखे. गाय २ माउ आणि गाय १३ पुउ, दोन्ही जुने दुखणं. पहिल्या दिवसापासूनच त्यांचा आकडा चढा, त्यामुळे "नेहमीचा" म्हणून साठवला गेला तोच आजारी आकडा. गुणोत्तरही १.१२ आणि १.१३, रेघेच्या जरा खाली. गायीची तुलना स्वतःशी करायची तर सुरुवात निरोगी दिवसापासून व्हायला हवी, ही पायरी सुटली होती. दुरुस्ती: नवी गाय यादीत घेताना आधी सीएमटी, जो सड घट्ट येईल त्याचा मागचा आकडा साठवायचा नाही, त्याला कायम पहिलाच नियम, आणि रेघ १.१० वर.

१० ऑगस्ट

चार दिवस एकही खूण नाही. पावसाच्या दिवसात, चिखल घोट्याएवढा असताना, ही बातमी चांगली वाटायला नको. प्रमाण द्रावण ओतलं: ६.६७ च्या जागी कप १ ला ६.२१, कप २ ला ६.४०, कप ३ ला ५.९८, कप ४ ला ६.३५. मीटर आंधळा होत चालला होता आणि चारही कप वेगवेगळ्या वेगाने, म्हणजे गुणोत्तरंही खोटी.

कारण धुण्यात. धार झाल्यावर कप थेट कढत पाण्याने धुतले जात होते. दुधातलं प्रथिन कढत पाण्याने इलेक्ट्रोडवर शिजून बसतं, त्यावर बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम चढतं, आणि दूधखडा तयार होतो. क्रम असा हवा: आधी कोमट पाणी, ३५-४० अंश, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग अल्कली डिटर्जंट, ६० अंश, मऊ ब्रश. मग पुन्हा पाणी. आठवड्यातून एकदा सायट्रिक आम्ल, २० ग्रॅम लीटरला, कोमट, पंधरा मिनिटं. अल्कली आणि आम्ल कधी एकत्र नाही.

आम्लाच्या धुण्यानंतर चारही ६.६२ ते ६.७०. आता दर सोमवारी प्रमाण द्रावण, ६.५४ ते ६.८० च्या बाहेर गेलं तर आधी धुणं, मग पॉलिश पेपर, मगच स्थिरांक बदलायचा. घाणेरड्या कपाला नवा स्थिरांक दिला की पुढच्या धुण्यानंतर तो उलट अंगाला चुकतो. वापरलेलं द्रावण बाटलीत परत ओतायचं नाही.

१७ ऑगस्ट

गाय ९. काल संध्याकाळी सगळं ठीक, आज पहाटे माडा सुजलेला, गरम, दूध पाण्यासारखं पिवळट, ताप १०५ फॅरनहाइट. मीटरच्या नोंदीत काल काहीच नाही आणि ते बरोबरच आहे. ई. कोलायसारखा वातावरणातला जंतू बारा तासांत कास पाडू शकतो. दिवसातून एकदा मोजणाऱ्या यंत्राला त्याचा सुगावा लागत नाही. डॉक्टरांना सात वाजता बोलावलं. अशा गायीवर मीटर चालवत वेळ घालवू नये. मीटरचं काम स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या चिवट, गुपचूप राहणाऱ्या जंतूंसाठी आहे.

२८ ऑगस्ट

गाय ३, ६, १०, १२, १५ यांना एकाच आठवड्यात पिवळी खूण, वेगवेगळ्या सडांना. कप तपासले, ठीक. पाचही गाई दुसऱ्या क्रमांकाच्या मशीनवरच्या निघाल्या. सडांच्या टोकाला पांढरं खरखरीत कडं उठलेलं. व्हॅक्युम मापकावर ५४ किलोपास्कल. रेग्युलेटरची जाळी भुश्याने बुजलेली. जाळी साफ केल्यावर ४६ ला बसलं.

लायनरही, म्हणजे मशीनचे सडावर बसणारे रबर, पाहिले. रबरी लायनरचं आयुष्य साधारण २५०० धारांचं. १६ गाई, दोन धारा, दोन मशीन, म्हणजे मशीनला रोज १६; २५०० ÷ १६ = १५६ दिवस, पाच महिने. इथले लायनर आठव्या महिन्यात होते, आतून बारीक भेगा. भेगेत जंतू बसतात आणि एका गायीचे दुसरीला जातात. आठही बदलले, बदलल्याची तारीख मशीनवर ऑइलपेंटने लिहिली. दहा दिवसांत पाचापैकी चार सड नेहमीच्या आकड्याला परतले, औषधाशिवाय. या मीटरचा आतापर्यंतचा सर्वांत मोठा उपयोग हाच, आणि तो यादीत नव्हता.

१४ सप्टेंबर

लाल खूण आल्यावर काय, हे गोठ्याच्या भिंतीवर लावलं:

सीएमटी करा. सीएमटी स्वच्छ असेल तर काही करू नका, तीन दिवस पाहा. घट्ट असेल तर ती गाय शेवटी पिळा. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, पहिल्या धारा टाका, पाच-दहा मिली दूध निर्जंतुक बाटलीत आडवं धरून घ्या, बर्फात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. प्रतिजैविकाच्या आधी, नंतर नाही. ट्यूब (सडात सोडायचं प्रतिजैविक) स्वतःच्या मनाने सोडू नका. ट्यूब सोडली तर लेबलवर लिहिलेले दिवस दूध संकलन केंद्रावर जाणार नाही, चारही सडांचं. धार झाल्यावर प्रत्येक सड ०.५ टक्के आयोडीनच्या डिपमध्ये, आणि गव्हाणीत ताजा मुरघास टाका म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड लगेच मिटत नाही. तेवढ्यात ती चिखलात बसली तर सगळं केलेलं वाया.

शेवटून दुसरं वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं.

२३ सप्टेंबर

चार्जर लावलेला असताना घेतलेले आकडे वेगळेच नाचत होते. व्हॅक्युम पंपाची मोटर, चार्जर आणि गोठ्याचं अर्थिंग यांच्यात गुंता. मोजताना फक्त सेलवर. यूएसबी जोडलेली असेल तर बटण चालणारच नाही, असं केलं. हे अचूकतेपुरतं नाही. ओल्या फरशीवरच्या गायीला एक-दोन व्होल्टही जाणवतात, आणि हातात धातूचे बोल्ट असलेलं भांडं घेतलेला माणूसही तिथेच उभा असतो.

६ ऑक्टोबर

गाय ११ ची आटवायची तारीख २० ऑक्टोबर. आकडे: पुडा ५.९, पुउ ६.०, माडा ५.९, माउ ६.८. चारही चढलेले, ते आटण्यामुळे. पण माउचं गुणोत्तर १.१५. दोन्ही वेळा. आटवताना चारही सडांत सरसकट लांब पल्ल्याची ट्यूब की फक्त माउमध्ये, आणि बाकी तिघांना नुसतं टीट सीलंट (सडाचं तोंड बंद करणारं), हे डॉक्टर ठरवतील. त्यांना मागच्या साठ दिवसांचा तक्ता दिला. नमुना उद्या पहाटे घ्यायचा.

बाकी राहिलेलं: कप ३ चा थर्मिस्टर ०.४ अंश कमी दाखवतो, बदलणे. प्रमाण द्रावण संपत आलं, नवं करताना जुन्याशी ताडून पाहणे. गाय ४ चा पट्टा तुटला, नंबर पुन्हा रंगवणे. दोन नव्या कालवडी नोव्हेंबरात वितील. आठव्या दिवशी सीएमटी, मगच यादीत.